आधी तुम्ही! इंटरनेटच्या गर्दीचे भन्नाट किस्से

19 नोव्हेंबर 2023. अहमदाबादला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने आपल्या तोंडचा घास पळवला, ती जखम अजून ओली आहे. पण त्याच दिवशी आणखी एक विक्रम झाला. डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी मॅच पाहणाऱ्यांचा आकडा 5.9 कोटींवर गेला. एवढ्या गर्दीला वाट करून देणारी यंत्रणा कुणा एका महापंडिताने एका बैठकीत आखलेली नाही. तिच्या वंशावळीत अंत्यसंस्काराचा धंदा करणारा एक गृहस्थ आहे, एक सर्फिंगवेडा प्राध्यापक आहे, जेवणाच्या टेबलावरचे नॅपकिन आहेत आणि चक्क कबुतरंही आहेत. ऐका तर मग!

1. मेलेल्यांचा धंदा, जिवंत शोध

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रोजर लोकांचे अंत्यसंस्कार करून देत असे. तेव्हा फोन जोडायला एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसायची. सांगतात की गावातल्या दुसऱ्या अंत्यसंस्कारवाल्याची बायकोच ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरकडे येणारी गिऱ्हाइकं ती बिनबोभाट नवऱ्याकडे वळवायची. किस्सा खरा की तिखटमीठ लावलेला, ते सोडा. स्ट्रोजरने ऑपरेटरशिवाय चालणारं यंत्र काढलं, 1891 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि 1892 मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसं एक्स्चेंज सुरूही झालं. जोडणी माणसाऐवजी यंत्राने करायची, ही वाट तिथून पुढे गेली.

2. लाटांवरून नेटवर्ककडे

नॉर्मन अब्रामसन हे प्राध्यापक हवाईला गेले त्यामागे सर्फिंगचं वेड होतं. तिथे गेल्यावर प्रश्न पडला, की वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडायची कशी? समुद्रातून तारा टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून रेडिओ वापरला. 1971 मध्ये 'अलोहानेट' सुरू झालं. नियम साधा: मनात आलं की बोला. दोघं एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर दोघांनीही गप्प बसायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलायचं. गंमत त्या 'थोड्या वेळात' आहे. प्रत्येकाने किती थांबायचं ते नशिबावर सोडलेलं, म्हणजे पुन्हा एकाच क्षणी टक्कर होण्याची शक्यता कमी! या पद्धतीत वाहिनीची जेमतेम 18 टक्के क्षमता कामी येते, पण कल्पना इतकी झकास की बॉब मेटकाफ यांनी 1973 मध्ये ती सुधारून 'इथरनेट' घडवलं. ऑफिसच्या भिंतीत खुपसलेली नेटवर्कची केबल आठवा, ती याच घराण्यातली.

3. चार आण्याची कोंबडी

दूरच्या कॉम्प्युटरवर काम करताना जुन्या पद्धतीत कीबोर्डवर एक अक्षर दाबलं की ते लगेच नेटवर्कवर निघायचं. अक्षर 1 बाइटचं आणि त्यावरचा पत्ता-बित्ता 40 बाइटांचा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. 1984 मध्ये जॉन नेगल यांनी तोड काढली: आधीच्या पॅकेटची, म्हणजे डेटाच्या पुडक्याची, पोच येईपर्यंत सुटी अक्षरं साठवा आणि एकत्र पाठवा.

4. चारशे यार्डांत दमछाक

ऑक्टोबर 1986. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचं विद्यापीठ यांच्यात अंतर फक्त 400 यार्ड. त्यांच्यातला डेटाचा वेग एकाएकी सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं! कागद घेऊन कुणी चालत गेलं असतं, तरी आधी पोचलं असतं.

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन यांनी शोध घेतला, तर दोष यंत्रांच्या अधीरपणाचा निघाला. पोच आली नाही की यंत्र समजायचं पॅकेट हरवलं आणि तेच पुन्हा पाठवायचं. कोंडी असताना प्रत्येकजण दुप्पट माल ओतत होता. जेकबसन आणि त्यांचे सहकारी माइक कॅरल्स यांनी यंत्रांना शिस्त लावली: सुरुवात हळू करा, पोच येत गेली तर वेग वाढवा, एखादं पॅकेट गळालं की लगेच हात आखडता घ्या. 1988 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. आजही फाइल डाउनलोड होताना सुरुवातीला वेग कमी असतो आणि मग चढत जातो, तो त्याचाच परिणाम.

5. बॉस सुट्टीवर, कविता कागदावर

नेटवर्कमध्ये दोन ठिकाणं जोडणाऱ्या वाटा गोल फिरून एकमेकींना मिळाल्या, तर पॅकेट त्यातच गरगरत राहतं. 1980 च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रेडिया पर्लमन यांच्यावर हे सोडवायचं काम आलं. त्यांच्या सांगण्यानुसार बॉस आठवडाभर सुट्टीवर जाणार होते आणि यांना उत्तर त्याच रात्री सुचलं. जादा वाटा तात्पुरत्या बंद ठेवायच्या, उरेल ते झाडासारखं जाळं, आणि एखादी फांदी तुटली की बंद वाट उघडायची. उरलेल्या वेळात त्यांनी हा अल्गोरिदम कवितेत बसवला. शोधनिबंधाच्या सारांशाच्या जागी ती कविता छापूनही आली!

6. नॅपकिनवर आखलेलं जग

जानेवारी 1989, टेक्सासमधलं ऑस्टिन. इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीत जेवणाच्या सुट्टीत सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी नॅपकिनवर एक आराखडा खरडला. त्यातून 'बीजीपी' जन्मला. एका कंपनीचं नेटवर्क दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कला 'अमुक पत्त्याकडे जायची वाट माझ्याकडून आहे' असं सांगतं ते याच पद्धतीने. तात्पुरती सोय म्हणून केलेलं हे काम आजही जगभराच्या इंटरनेटचा कणा आहे.

मात्र मूळ पद्धत विश्वासावर चालते. शेजाऱ्याने सांगितलं की मान्य! 24 फेब्रुवारी 2008 ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी खोटी वाट जाहीर केली. ती सीमेबाहेर निसटली, जगाने ती खरी मानली आणि सुमारे दोन तास पृथ्वीवरच्या बऱ्याच भागांत यूट्यूब गायब झालं.

7. एका पत्त्यावर अख्खी सोसायटी

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते फक्त 429 कोटींच्या आसपास. फोन, टीव्ही, लॅपटॉप, सीसीटीव्ही धरले तर ते पुरणार कुठून? 1994 मध्ये सुचवलेल्या 'नॅट' या युक्तीने वेळ मारून नेली. घरचा राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो. बाहेरच्या जगाला पत्ता एकच, आतला माल कुठल्या फ्लॅटचा ते वॉचमनच्या वहीत. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या फोनचा इंटरनेटचा पत्ता 192.168 ने सुरू होत असेल, तरी भांडण होत नाही, कारण तो पत्ता घराबाहेर पडतच नाही. तात्पुरता उपाय म्हणून आला, तीस वर्षं ठाण मांडून बसला!

8. माल गावोगावी ठेवा

वेब लोकप्रिय झाली तर लोकांच्या झुंडी एकाच साइटवर आदळतील, हा धोका वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांना 1990 च्या दशकाच्या मध्यालाच दिसत होता. एमआयटीतले टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी गणितातून मार्ग काढला: एकच पान जगभरच्या अनेक सर्व्हरवर ठेवायचं आणि मागणाऱ्याला जवळचं द्यायचं. 1998 मध्ये त्यातून 'अकमाई' ही कंपनी उभी राहिली. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कच्या टॉवरवर आदळलेल्या पहिल्या विमानात लेविन होते. त्या दिवशी जगभरातून बातम्यांच्या साइटवर लोटलेली गर्दी पेलायला अकमाईचंच जाळं कामी आलं.

9. पुण्याची मेल परदेशातून पुण्यात

एकेकाळी भारतातल्या दोन इंटरनेट कंपन्यांच्या ग्राहकांमधला डेटाही परदेशी वळसा घालून यायचा. वेळ जायचा आणि परकीय चलनही. 2003 मध्ये 'निक्सी' या संस्थेने देशातल्या देशात डेटाची देवघेव करणारी केंद्रं सुरू केली. मुंबई त्यांत अर्थातच होती, कारण समुद्राखालून येणाऱ्या बऱ्याच केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात.

10. कबुतर जा जा

1 एप्रिल 1990 ला इंटरनेटच्या नियमावलीत एक गंभीर चेहऱ्याचा विनोद छापला गेला: कबुतरांमार्फत पॅकेट पाठवण्याची पद्धत. 2001 मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या लिनक्सप्रेमींनी ती खरोखर करून पाहिली. पॅकेट कागदावर छापलं, कबुतराच्या पायाला गुंडाळलं, पलीकडे स्कॅन केलं. नऊ पॅकेटं पाठवली, उत्तरं आली चार. सर्वांत झटपट उत्तराला 53 मिनिटं लागली, सर्वांत आळशी उत्तराला पावणेदोन तासांहून जास्त.

11. शब्द गिळले, तेही खरोखर

इथरनेटवाल्या मेटकाफ यांनी 1995 च्या अखेरीस एका लेखात भाकीत केलं, की पुढच्या वर्षी इंटरनेट कोसळेल. नाही कोसळलं तर शब्द गिळेन, असंही ते बोलून बसले. 1997 मध्ये एका परिषदेत त्यांनी लेखाचा कागद मिक्सरमध्ये फिरवला आणि भर सभेत खाल्ला. इंटरनेटच्या इतिहासात इतकी प्रामाणिक माघार दुसऱ्या कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

इंटरनेट तरलं याचं श्रेय बऱ्याच अंशी जेकबसन यांच्या त्या 1988 च्या शिस्तीला जातं. ती पाळली जाते की नाही हे बघायला कुणी पोलीस बसलेला नाही. कोंडी दिसली की आपला कॉम्प्युटर आपणहून मागे सरतो, आणि बहुतेक सगळे तसंच वागतात म्हणून सगळ्यांचं निभतं. तेव्हा दहावीचा निकाल असो की सकाळचं तत्काळ बुकिंग, पान उघडलं नाही तर रिफ्रेशचं बटण बडवू नका. प्रत्येक वेळी दाबलंत की साइटच्या डोक्यावर आणखी एक मागणी पडते. मिनिटभर थांबा, मग एकदाच दाबा.