खरारा, फणी आणि ब्रश : कोरड्या त्वचेच्या कुत्र्यासाठी साधनाची निवड

केस विंचरण्याच्या व साफ करण्याच्या साधनांना मराठीत नावांची वाण नाही. घोड्याच्या अंगावर फिरवावयाचा तो खरारा. दाट दातांची ती फणी. विरळ दातांचा तो कंगवा. यांतील प्रत्येक नाव साधनाच्या घडणीबरोबरच त्याचे कार्यही सुचविते. ‘ब्रश’ हा इंग्रजीतून आलेला शब्द मात्र हे भेद झाकून टाकतो. कुत्र्यांसाठी मिळणारी रबरी, तारेची आणि मऊ केसांची अशी परस्परभिन्न साधने या एकाच नावाने विकली जातात. निरोगी व दाट केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत या संदिग्धतेने फारसे बिघडत नाही. ज्याची त्वचा कोरडी आहे, त्याच्या अंगावर मात्र तिचे ओरखडे उमटतात.

याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारणतः ३ ते ५ थर असतात, तर माणसाच्या त्वचेत १० ते १५. कुत्र्याचे खरे संरक्षण केसांचे आवरण करते. त्याखालील त्वचा नाजूकच असते. केसांच्या मुळांशी असलेल्या ग्रंथींतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ त्वचेतील ओलावा राखतो. तो अपुरा पडला, की त्वचेचे पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा साधनाची कामे दोन : सुटलेले पापुद्रे व मृत केस हलकेच उचलणे आणि ही स्निग्धता केसांच्या टोकांपर्यंत पसरविणे. त्वचा खरवडणे हे त्याचे काम नव्हे.

या दृष्टीने पाहता निवडीचा पहिला निकष केसांची जात हा होय. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातील कारवानी कुत्र्याचे केस आखूड व अंगाबरोबर असतात. अशा कुत्र्यास मऊ रबरी खरारा वर्तुळाकार फिरवून नंतर मऊ केसांचा ब्रश केसांच्या वळणाने फिरवावा. पश्मीच्या कानांवर व शेपटीवर लांब, रेशमी केस असतात. तेथे विरळ दातांचा कंगवाच योग्य. आल्सेशियनसारख्या दुहेरी आवरणाच्या कुत्र्यास लवचिक गादीवर बसविलेल्या, गोल टोकांच्या विरळ काड्यांचा ब्रश लागतो. त्याशिवाय आतील लोकरीसारख्या थरापर्यंत पोहोचता येत नाही. बारीक, वाकड्या तारांचा ब्रश गुंता सोडविण्यापुरताच आणि तोही त्वचेला न टेकविता वापरावा. मृत केस उपटणारे धारदार पात्याचे साधन कोरड्या त्वचेवर वर्ज्य मानावे.

खरेदीपूर्वीची परीक्षा सोपी आहे. साधन स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूवर दोन-तीनदा फिरवून पाहावे; तेथे बोचले किंवा रेघ उमटली, तर ते कुत्र्याच्या अंगासाठी घेऊ नये.

येथे आणखी एका शब्दाविषयी सावध राहावयास हवे. ‘कोंडा’ हा शब्द मुळात धान्याच्या टरफलाचा. त्वचेच्या पापुद्र्यांना तो दिसण्यातील साम्यामुळे मिळाला. त्याने दिसणारी वस्तू कळते, तिचे कारण कळत नाही. कोंडा हवेतील शुष्कतेने होतो, वारंवार साबण लावल्याने होतो, निकृष्ट आहाराने होतो. तसाच तो सूक्ष्म किडींमुळे किंवा अवटू ग्रंथीच्या मंदतेमुळेही होतो. कोंड्याबरोबर सततची खाज, लाली, दुर्गंधी वा केसगळती दिसली, अथवा घरातील माणसांनाही खाज सुटू लागली, तर ब्रश बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जावे. लूत झालेल्या जनावराच्या अंगावर फिरविलेला ब्रश दुसऱ्या जनावरास तर मुळीच लावू नये.

सारांश, दुकानात ‘चांगला ब्रश’ मागणे पुरेसे नाही. केस कोणत्या जातीचे, त्वचेची अवस्था काय आणि कोंड्याचे कारण कोणते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. मग साधनाचे नाव काहीही असो, निवड चुकत नाही.