नवे प्लग घातले आणि गाडी बिघडली: शोध कुठून सुरू करायचा?

मागच्या भागात आपण पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग घरच्या घरी कसे बदलायचे ते पाहिलं. आज त्याच्या पुढचं. प्लग बदलले आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली, तर काय करायचं?

आधी माझीच फजिती सांगतो. मी उज्जैनला राहतो. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सकाळी इंदूरला जायचं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मी गाडीचे चारही प्लग बदलले. गाडी सुरू केली तर जागेवर उभी असताना थोडी थरथरत होती. मी म्हटलं, नवीन आहेत, रुळतील. मंडळी, प्लग चप्पल नाहीत रुळायला! नवा प्लग पहिल्या मिनिटापासून नीट चालला पाहिजे.

सकाळी सांवेरच्या अलीकडे एका ट्रकला ओव्हरटेक करायला गेलो आणि गाडीने गचके दिले. इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. हे नीट लक्षात ठेवा: तो दिवा नुसता लागून राहिला तर गाडी हळू चालवत मेकॅनिकपर्यंत नेता येते, पण लुकलुकत असेल तर वेग कमी करा, सुरक्षित जागा बघा आणि इंजिन बंद करा. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीने काम केलं नाही की तिथलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. कन्व्हर्टर प्रचंड तापतो आणि आतून वितळू शकतो. प्लगपेक्षा तो कितीतरी पटीने महाग असतो.

मी गाडी कडेला घेतली, टॅक्सी बोलावली. वाट बघताना दुकानदाराला शिव्या घालत होतो, नकली प्लग दिले म्हणून. आई शांतपणे म्हणाली, "काल अंगणात टणकन काहीतरी पडलं होतं ना रे?" तिला धड दिसत नव्हतं, पण ऐकू आलं होतं. एक प्लग माझ्या हातून फरशीवर पडला होता. मी तो पुसला आणि बसवला.

आजचं मुख्य सूत्र हेच. काल चालणारी गाडी आज प्लग बदलल्यावर बिघडली, तर पेट्रोल पंप, सेन्सर, कंपनी, दुकानदार यांच्याकडे नंतर वळा. आधी तुमचा हात जिथे जिथे लागला, तिथे परत जा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, या क्रमाने.

पहिलं, वरवरचं. प्रत्येक कॉइलचा कनेक्टर 'टक्' आवाज करून बसलाय का? प्लगपर्यंत पोहोचताना एअर फिल्टरचा पाइप किंवा एखादी बारीक व्हॅक्यूम नळी काढली होती का? ती सैल राहिली तर बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन थरथरतं. जुन्या गाडीत कॉइलऐवजी प्लगला जाड वायरी असतात. त्यांची अदलाबदल झाली की गाडी सुरूच होत नाही किंवा फटाके वाजवते. म्हणून वायरी एकेक करून काढाव्यात.

दुसरं, कोणता सिलिंडर? इंजिनाचा कोड वाचणारा छोटा स्कॅनर मिळतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, याप्रमाणे. मला पी०३०२ दिसला. मग मी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलल्या, कोड पुसला आणि इंजिन चालवलं. कोड पी०३०३ झाला असता, तर दोष कॉइलचा. तो पी०३०२ वरच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष.

तिसरं, प्लग बाहेर काढा. माझ्या दुसऱ्या प्लगची टोकाची फट जवळजवळ मिटली होती आणि पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर होती. फट बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या आसपास असते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. चिरेतून वीज भलतीकडे पळते आणि ठिणगी पडायची तिथे पडत नाही. रस्त्यावर जोर लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडणं आणखी अवघड होतं. म्हणून घरी थरथर आणि हायवेवर गचके. पडलेला प्लग बसवायचा नाही, फेकून द्यायचा. त्याच नंबरचा नवा घालायचा. इरिडियमच्या प्लगची फट ठोकून-वाकवून जुळवायला जाऊ नका, त्याचं टोक नाजूक असतं.

चौथं, घट्टपणा. सैल प्लगच्या कडेने दाब निसटतो, टिकटिक आवाज येतो आणि प्लग जास्त तापतो. अति घट्ट केला तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, आणि ते काम मोठ्या खर्चाचं. वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरला आवळतात. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. बस्स.

इतकं करूनही मिसफायर राहिला, तर इंजेक्टर किंवा आतला दोष असू शकतो. तेव्हा मेकॅनिककडे जा, आणि काय काय केलंत ते सगळं खरं सांगा. प्लग पडला होता, हेसुद्धा. त्याचे तासभर वाचतात आणि तुमचे पैसे.

आईचं ऑपरेशन टॅक्सीने जाऊन वेळेत झालं. आता मी मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडीला हात लावत नाही. लावायचाच असेल तर चार दिवस आधी, आणि नंतर एक चक्कर चांगल्या वेगाने मारून बघतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गाडी जपा. नमस्कार!