आदान आणि आवर्तन : पायथॉनमधील प्रारंभिक आज्ञावल्यांतील काही प्रमाद व त्यांचे निरसन

स्वतः गोळा केलेली माहिती स्वतःच लिहिलेल्या छोट्याशा आज्ञावलीच्या साहाय्याने पडताळून पाहण्याचा प्रघात आता विज्ञानशाखांपुरता मर्यादित राहिलेला नाही. भूगोल, अर्थशास्त्र, भाषाविज्ञान अशा शाखांतील अभ्यासकही या मार्गाने जाऊ लागले आहेत, आणि त्यासाठी बहुधा पायथॉन ही भाषा निवडली जाते. गिडो व्हान रॉसम यांनी रचलेली व १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही भाषा शिकावयास सुलभ आहे, यात संशय नाही. परंतु या सुलभतेच्या पोटातच एक धोका दडलेला असतो. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात : बोलक्या आणि मुक्या. बोलकी चूक आज्ञावली बंद पाडते व कारणही सांगते. ती दुरुस्त होतेच. मुकी चूक मात्र कसलीही तक्रार न करता चुकीचे उत्तर हाती ठेवते, आणि ते उत्तर प्रबंधाच्या कोष्टकात जाऊन बसते.

अशा मुक्या चुका मुख्यतः दोन ठिकाणी उद्भवतात : वापरणाऱ्याकडून माहिती घेताना, म्हणजे आदानाच्या वेळी, आणि तीच कृती पुनःपुन्हा करताना, म्हणजे आवर्तनात. त्या टाळण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. हाती आलेली वस्तू कोणत्या जातीची आहे? आणि हे आवर्तन कशामुळे थांबणार, व ती थांबविणारी गोष्ट आवर्तनाच्या आत नेमकी कोठे बदलते?

आदानाचे स्वरूप

पायथॉनमध्ये ‘इनपुट’ ही आज्ञा जे काही आणून देते ते सदैव स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ असते. वापरणाऱ्याने ५ व ७ ही मूल्ये दिली आणि ती तशीच मिळविली, तर १२ न येता ‘५७’ अशी जोडमाळ तयार होते. ५ ला ३ ने गुणले तर ‘५५५’ मिळते. या गफलती निदान डोळ्यांना दिसतात. तुलनेतील गफलत याहून फसवी असते. माळांची तुलना शब्दकोशातील क्रमाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून होते. त्यामुळे ‘१०’ ही माळ ‘९’ या माळेपेक्षा लहान ठरते. महिन्यातील सर्वांत अधिक पाऊस शोधणारी आज्ञावली या एका कारणाने भलताच दिवस निवडील, आणि तरीही ती विनातक्रार चालेल. तसेच ‘५’ ही माळ व ५ ही संख्या समान आहेत काय असे विचारल्यास ‘नाही’ एवढेच उत्तर येते, दोषसूचना येत नाही.

या गोंधळास एक ऐतिहासिक कारणही आहे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इनपुट’ दिलेल्या मजकुराचे मूल्य काढून ते परत करीत असे. मजकूर जसाच्या तसा हवा असल्यास ‘रॉइनपुट’ वापरावे लागे. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जुने ‘इनपुट’ वगळण्यात आले व ‘रॉइनपुट’लाच ते नाव देण्यात आले. दुसऱ्या आवृत्तीचे अधिकृत पोषण १ जानेवारी २०२० रोजी थांबले. तथापि तिच्या काळातील पाठ्यपुस्तकांतून उतरून घेतलेली उदाहरणे आजही फसवू शकतात.

उपाय सरळ आहे. मूल्य आत येताक्षणीच त्याचे रूपांतर करावे : पूर्णांकासाठी ‘इंट’, दशांशासाठी ‘फ्लोट’. मराठी कळफलक वापरणाऱ्यांसाठी येथे एक सोय आहे. या दोन्ही क्रिया देवनागरी अंकही जाणतात. देवनागरीत लिहिलेले बारा व आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेले बारा माळ म्हणून भिन्न असले, तरी ‘इंट’मधून गेल्यावर एकच संख्या होतात. आज्ञावलीच्या मजकुरात मात्र संख्या आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहाव्या लागतात.

रूपांतरापूर्वी माळेत केवळ अंकच आहेत काय, हे ‘इझडिजिट’ने तपासण्याची एक पद्धत रूढ आहे, ती भरवशाची नव्हे. ऋण ५ किंवा १२.५ यांना ती नाकारते, कारण ऋणचिन्ह व दशांशबिंदू हे अंक नव्हेत. उलट वर्ग दर्शविणारा वरच्या बाजूचा लहान २ तिला मान्य होतो, पण ‘इंट’ला तो चालत नाही. म्हणून रूपांतर ‘ट्राय’च्या कक्षेत करून पाहावे आणि ते न साधल्यास उद्भवणारा ‘व्हॅल्यूएरर’ पकडून मूल्य पुन्हा मागावे, हेच श्रेयस्कर.

एवढ्यानेही काम संपत नाही. ‘संख्या नव्हे’ या अर्थाचे ‘नॅन’ हे तीन रोमन अक्षरांचे संक्षिप्त रूप ‘फ्लोट’ खुशाल स्वीकारतो, आणि त्याची कोणत्याही संख्येशी केलेली लहानमोठेपणाची तुलना असत्य ठरते. त्यामुळे ‘मूल्य ० पेक्षा कमी किंवा ५०० पेक्षा अधिक असल्यास नाकारा’ या कसोटीतून ते निसटते आणि पुढील सर्व बेरीज नासवते. हीच कसोटी ‘मूल्य ० ते ५०० यांच्या दरम्यान असेल तरच स्वीकारा’ अशी मांडली, तर ते दारातच अडते. नकाराची यादी करण्यापेक्षा स्वीकाराची अट सांगणे अधिक सुरक्षित असते, हा यातील बोध.

‘किंवा’ व ‘आणि’ यांचा घोटाळा

बोलभाषेत ‘उत्तर हो किंवा होय असेल तर’ असे म्हटले की अर्थ स्पष्ट होतो. पायथॉनमध्ये हेच वाक्य शब्दशः उतरविले असता पहिला भाग तुलना ठरतो आणि दुसरा भाग नुसती ‘होय’ ही माळ उरतो. रिकामी नसलेली प्रत्येक माळ पायथॉन सत्य मानत असल्याने ही अट नेहमीच पुरी होते. वापरणाऱ्याने ‘नको’ म्हटले तरीही. तुलना दोन्ही वेळा पूर्ण लिहावी, किंवा उत्तर मान्य शब्दांच्या संचात आहे काय, असे विचारावे.

याचेच भावंड ‘व्हाइल’च्या अटीत आढळते. ‘उत्तर होय नाही किंवा उत्तर नको नाही, तोवर पुन्हा विचारा’ ही अट कधीच खोटी होत नाही. कारण एकच उत्तर एकाच वेळी दोन्ही शब्द असू शकत नाही. येथे ‘आणि’ हवे. १८०६ साली मदुरा येथे जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो : समूहाचा निषेध करताना ‘किंवा’चे ‘आणि’ होते व ‘आणि’चे ‘किंवा’.

आवर्तनाचा आरंभ व अंत

पावसाच्या नोंदी एकेक करून घ्याव्यात व शेवट दर्शविण्यासाठी ऋण १ द्यावे, अशी योजना समजा केली. नवशिका बहुधा आवर्तनात मूल्य घेतो, लगेच बेरजेत मिळवतो, आणि ते ऋण १ होते काय, हे पुढील फेरीच्या तोंडाशी तपासतो. नोंदी १२, १५ व १८ मिलिमीटर असतील तर सरासरी १५ यावयास हवी. परंतु ऋण १ हीसुद्धा नोंद म्हणून मोजली गेल्याने बेरीज ४४, नोंदी ४ व सरासरी ११ येते. ११ हा आकडा अशक्य वाटत नाही, आणि म्हणूनच तो घातक होय. येथे क्रम पालटला पाहिजे : मूल्य घ्यावे, ते शेवटाची खूण आहे काय हे पाहावे, असल्यास ‘ब्रेक’ने बाहेर पडावे, नसल्यासच बेरजेत मिळवावे. शिवाय शेवटाची खूण अशी असावी की जी मूल्य म्हणून कधीच येऊ शकणार नाही. पावसाला ऋण १ चालेल, तापमानाला चालणार नाही. रिकामी ओळ ही खूण दोन्हींस योग्य.

मूल्य आवर्तनाच्या बाहेर एकदाच घेतले व आत पुन्हा घेण्याचे राहिले, तर अट बदलतच नाही आणि आवर्तन अनंत चालते. उलट बेरजेचे प्रारंभिक शून्य आवर्तनाच्या आत लिहिले गेले, तर प्रत्येक फेरीत मागील बेरीज पुसली जाते व अखेरीस केवळ शेवटची नोंद शिल्लक राहते.

दोष पकडण्याचा अतिउत्साहही अनर्थ घडवतो. ‘एक्सेप्ट’पुढे दोषाचे नाव न लिहिल्यास सर्वच दोष गिळले जातात. आदान संपल्याची सूचनाही त्यात बुडते व आज्ञावली न संपणाऱ्या मजकुराची वाट पाहत फिरत राहते. कंट्रोल व सी या कळा दाबून ती थांबविण्याचा प्रयत्नही वाया जाऊ शकतो. ज्या दोषाची अपेक्षा आहे त्याचेच नाव लिहावे.

‘फॉर’ आवर्तनातील नेहमीची चूक सीमेची. ‘रेंज’मध्ये आरंभ धरला जातो, शेवट धरला जात नाही. जून महिन्याचे ३० दिवस मोजण्यासाठी १ व ३० या सीमा दिल्या, तर २९ दिवसच हाती येतात. ३१ ही वरची सीमा द्यावी लागते. ही पद्धत लहरी नाही. एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९८२ सालच्या एका टिपणात तिचे समर्थन केले आहे : अशा मांडणीत दोन सीमांमधील वजाबाकी हीच घटकांची संख्या असते आणि एका टप्प्याचा शेवट तोच पुढच्याचा आरंभ होतो.

शेवटी, ज्या यादीवरून आवर्तन चालू आहे तीच आतून छाटू नये. ऋण १, ऋण १ व ५ या यादीतून ऋण मूल्ये एकेक काढू गेल्यास पहिले निघते, बाकीची एक घर मागे सरकतात, आणि पुढे सरकलेले आवर्तन दुसऱ्या ऋण १ वरून उडी मारून ५ वर येते. एक अशुद्ध नोंद तशीच उरते. ग्राह्य मूल्यांची नवी यादी तयार करणे हाच निर्दोष मार्ग.

आज्ञावली न थांबता चालली म्हणजे ती बरोबर आहे, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नव्हे. खऱ्या माहितीकडे वळण्यापूर्वी चार चाचण्या अवश्य कराव्यात : एकही नोंद न देणे, एकच नोंद देणे, पहिलीच नोंद चुकीची देणे, आणि ज्यांचे उत्तर हाताने काढले आहे अशा तीनचार नोंदी देणे. पहिल्या चाचणीत सरासरीचा शून्याने होणारा भागाकार उघड होतो. दुसरीत सीमेची चूक दिसते. तिसरीत रूपांतराची परीक्षा होते. आणि चौथीत मुकी चूक बोलती होते. या चाचण्यांस काही मिनिटे लागतात. त्या न केल्यास सदोष सरासरीवर उभारलेला युक्तिवाद मागे घेण्याची पाळी येते, आणि तीही बहुधा प्रबंध पूर्ण झाल्यावर.