गाईचे कान गार का पडतात?

‘गाय व्यायला आठ-दहा दिवस आहेत, व्हिटॅमिन डीचं इंजेक्शन आत्ताच देऊ का?’ असं एका दूध उत्पादकाने विचारलं आहे. खरा प्रश्न ‘कधी’चा आहे.

भरपूर दुधाची गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी उठत नाही. मान कुशीकडे वळवून बसलेली, कानाला हात लावावा तर गार. नाव दुग्धज्वर, पण ताप नाहीच; मूळ आहे रक्तातल्या कॅल्शियमच्या तुटीत. दहा लिटर चिकातून सुमारे 23 ग्रॅम कॅल्शियम जातं. तिच्या रक्तद्रवात एका वेळी असतं त्याच्या जवळजवळ नऊपट! हाडांत साठा किलोंनी असतो. पण तो सोडवणाऱ्या संप्रेरकाला जागं व्हायला वेळ लागतो. भाकड काळात लसूणघास आणि कॅल्शियमच्या बाटल्या चालू असतील, तर ते अधिकच सुस्तावतं.

या आजारावरचा पहिला गुणकारी उपाय शोधला डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट या पशुवैद्याने, 1897 मध्ये. कासेत विष तयार होतं असं समजून त्याने सडांतून पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण सोडलं आणि मरणाच्या दारातल्या गाई उठल्या! पुढे कळलं, नुसती हवा भरली तरी पुरतं. कास ताणली की दूध उतरणं थांबतं आणि कॅल्शियम रक्तातच राहतं. कारण कळायला 1925 उजाडलं. स्कॉटलंडच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी कॅल्शियमच्या तुटीवर बोट ठेवलं. तर्क चुकूनही इतक्या गाई वाचवणाऱ्या श्मिटचं नाव आपल्या गोठ्यांपर्यंत पोचायला हवं होतं.

आता त्या इंजेक्शनबद्दल. ड जीवनसत्त्व, म्हणजेच व्हिटॅमिन डी, आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायला लावतं, पण आधी यकृतात, मग मूत्रपिंडात त्याचं रूप बदलावं लागतं. म्हणून 1 कोटी युनिटचं इंजेक्शन व्यायच्या 2 ते 8 दिवस आधी पडलं तरच उपयोग. रेतनाच्या तारखेवरून काढलेला दिवस सहज पुढे-मागे होतो. गाय लांबली म्हणून पुन्हा टोचलं, तर हृदयात, रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात कॅल्शियम साचू लागतं. ओहायोत हिब्ज आणि पाउंडन या संशोधकांनी रोज 2 ते 3 कोटी युनिट चारून दुग्धज्वर टाळला खरा, पण औषध आणि विष यांतलं अंतर फार थोडं निघालं.

नुसत्या वाळल्या कडब्यावरच्या गाभण गाईला अ आणि ई जीवनसत्त्वं मात्र कमी पडतात. सेलेनियमचीही उणीव असेल तर वार अडकण्याचा धोका वाढतो. त्याबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा. कॅल्शियमची बाटली आणि लसूणघास व्यायच्या दिवसापर्यंत बाजूला ठेवा. चीक काढायला बसाल तेव्हा बाटली हाताशी असू द्या.