दाखला मराठी, शिक्का फ्रेंच

बेळगाव-खानापूरकडची मुले शिक्षणाला, नोकरीला परदेशी जाऊ लागली आहेत. त्यांचे पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : आपला मराठी दाखला तिकडे चालेल का? चालेल, पण ‘अपोस्टिल’ मिळाले की काम झाले, हा समज आधी सोडावा.

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून हा शिक्का आला. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. सौदी अरेबिया २०२२ मध्ये, कॅनडा २०२४ मध्ये करारात आला. करारात नसलेल्या देशासाठी मात्र त्याच्या वकिलातीचे उंबरठे अजूनही झिजवावेच लागतात.

शिक्का कोणत्याही देशाचा असो, त्याचे शीर्षक फ्रेंच. तो सांगतो एवढेच की सही खरी, अधिकाऱ्याचा हुद्दा खरा, मोहोर खरी. मजकुराची हमी तो देत नाही, भाषांतरही करत नाही. मराठी दाखला शिक्क्यानंतरही मराठीच राहतो. भाषांतर वेगळे करून घ्यावे लागते आणि ते कोणाचे चालेल, हे ज्या कचेरीत कागद द्यायचा तिलाच आधी विचारलेले बरे.

सीमाभागातली खरी अडचण पुढेच आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्याआधी राज्याचे साक्षांकन लागते, आणि कागद ज्या राज्याचा, साक्षांकन त्याच राज्याचे. जन्म बेळगावात, पदवी कोल्हापूरची. म्हणजे एका मुलाचे दोन कागद दोन सरकारांच्या दारात!

त्यात नावांचा घोळ. आजोबांच्या जुन्या दाखल्यावर मुंबई राज्य, १९५६ नंतर म्हैसूर, १९७३ नंतर कर्नाटक. गाव जागचे हलले नाही, राज्ये तीन झाली. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. तिकडच्या कारकुनाला ही दोन गावे वाटली, तर त्याला दोष कसा द्यावा? मराठी दाखल्यातला ‘विठ्ठल’ कन्नड उताऱ्यात ‘विठल’ होतो, पासपोर्टवर त्याची अक्षरे आणखी निराळी. शिक्का ही चूक झाकत नाही, दुरुस्तही करत नाही.

म्हणून नावे, तारखा आधी जुळवाव्यात, गरज पडल्यास प्रतिज्ञापत्र करावे, आणि मगच साक्षांकनाला जावे. नंतर दुरुस्ती केली तर नवा दाखला, नवी सही, नवा शिक्का आणि पुन्हा तेवढाच खर्च. आणखी एक : जपणूक म्हणून दाखल्याला प्लॅस्टिक चढवण्याची आपल्याकडे फार हौस. अपोस्टिल बहुधा दाखल्याच्या पाठीवरच चिकटवतात. तेव्हा ती पाठ कोरी आणि मोकळी राहू द्यावी.