भारतातील ड्रोन उड्डाण क्षेत्रे

ड्रोन उड्डाण क्षेत्रे म्हणजे ड्रोनच्या उड्डाणासाठी भारतीय हवाई हद्दीची करण्यात आलेली हिरवे, पिवळे व लाल अशी तीन भागांतील विभागणी होय. ही विभागणी ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या ड्रोन नियम, २०२१ वर आधारित आहे. तिचा नकाशा सप्टेंबर २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केला. तो डिजिटल स्काय या शासकीय संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

मार्च २०२१ मध्ये लागू झालेले मानवरहित विमान प्रणाली नियम जाचक असल्याची टीका झाल्याने काही महिन्यांतच त्यांच्या जागी नवे नियम आणण्यात आले. त्यानुसार विमानतळाभोवतीच्या पिवळ्या क्षेत्राची मर्यादा ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आली.

क्षेत्रांचे प्रकार

हिरवे क्षेत्र : लाल वा पिवळे म्हणून निर्दिष्ट नसलेल्या भागातील ४०० फूट (१२० मीटर) उंचीपर्यंतचे आकाश. येथे उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट (६० मीटर) आहे.

पिवळे क्षेत्र : येथे संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण विभागाची परवानगी आवश्यक असते. हिरव्या क्षेत्राच्या उंचीमर्यादेवरील आकाशही पिवळ्या क्षेत्रात मोडते.

लाल क्षेत्र : येथे केवळ केंद्र सरकारच्या परवानगीनेच उड्डाण करता येते.

उंचीचे महत्त्व

नकाशावरील रंग जमिनीवर दिसत असला, तरी नियम त्या जमिनीवरील आकाशाला लागू होतो. त्यामुळे एकाच ठिकाणी उंचीनुसार क्षेत्र बदलते. उदाहरणार्थ, विमानतळाच्या हद्दीपासून १० किलोमीटरवरील, अन्यथा हिरव्या असलेल्या शेतात ड्रोन ५० मीटर उंचीवर परवानगीविना उडवता येतो. मात्र तो ७० मीटरवर नेल्यास पिवळ्या क्षेत्रात शिरतो.

तात्पुरते लाल क्षेत्र

राज्य सरकार, केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासन किंवा कायदा अंमलबजावणी यंत्रणा एखादा भाग एका वेळी कमाल ९६ तासांसाठी लाल क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. हा आदेश पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाहून कनिष्ठ अधिकाऱ्याला काढता येत नाही. नकाशातही वेळोवेळी बदल होत असल्याने प्रत्येक उड्डाणापूर्वी डिजिटल स्कायवरील सूचना तपासणे चालकावर बंधनकारक आहे.

सामान्य गैरसमज

२५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी, तसेच २ किलोग्रॅमपर्यंतच्या मायक्रो ड्रोनच्या अव्यावसायिक वापरासाठी दूरस्थ चालक प्रमाणपत्र लागत नाही. ही सवलत प्रमाणपत्रापुरती असून क्षेत्रांचे निर्बंध या ड्रोनांनाही लागू होतात.

काही उत्पादक ड्रोनच्या प्रणालीत स्वतःची प्रतिबंधित क्षेत्रे अंतर्भूत करतात. ती शासकीय नकाशाशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. म्हणून ड्रोनने उड्डाण केले, एवढ्यावरून ते वैध ठरत नाही. तसेच हिरव्या क्षेत्रातही स्थानिक पोलिसांचे मनाई आदेश, अभयारण्ये आणि संरक्षित स्मारके यांसंबंधीचे स्वतंत्र निर्बंध लागू असू शकतात.

दंड

ड्रोन नियमांच्या उल्लंघनासाठी कमाल १ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.