बीज न धरणाऱ्या पेशी

भूछत्राच्या छत्रीखालच्या पातळ पडद्यांवर गदेच्या आकाराच्या पेशी असतात. अशा प्रत्येक गदेच्या माथ्यावर बहुधा चार बीजाणू पिकतात. पण त्याच पडद्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर या गर्दीतून मान वर काढलेल्या काही निराळ्या पेशीही दिसतात. कोणी फुगीर, कोणी भाल्यासारखी, तर कोणाच्या टोकाला आकडे. त्यांच्यावर बीजाणू कधीच धरत नाहीत. या वंध्य पेशी म्हणजे सिस्टिडिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटी पिशवी.

फ्लॉरेन्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ सालच्या ग्रंथातच त्यांची नोंद केली होती. त्याच्यापुढे कोप्रायनस होते, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे उकिरड्यावर नि कुजक्या पेंढ्यावर उगवून काही तासांत काळ्या शाईसारखे विरघळणारे भूछत्र. त्याचे पडदे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून या पेशी मधे टेकू देतात, असे त्याचे म्हणणे. ते जवळजवळ बरोबर होते, पण पुढच्या काही अभ्यासकांना फुलांचा मोह आवरला नाही आणि या पेशी म्हणजे भूछत्राचे पुंकेसर, असे त्यांनी मानले. १८३७ मध्ये फ्रेंच डॉक्टर लेव्हेइए याने बीजाणू धरणाऱ्या पेशी आणि सिस्टिडिया यांची स्पष्ट फोड केली.

त्यानंतर नावांचे पीक आले. पडद्याच्या कडेवरची ती कायलोसिस्टिडिया, कारण ग्रीकमध्ये कायलोस म्हणजे ओठ. पडद्याच्या अंगावरची ती प्ल्युरोसिस्टिडिया, देठावरची कॉलोसिस्टिडिया, टोपीवरची पायलिओसिस्टिडिया. हा झाला पत्ता. काही नावे रूपावरून पडली: पातळ भिंतीची लेप्टोसिस्टिडिया, जाड भिंतीची नि चमकदार लॅम्प्रोसिस्टिडिया. अल्कलीच्या द्रावात जिच्या पोटातला गोळा पिवळा होतो ती क्रायसोसिस्टिडिया, अर्थात सोनेरी. पेशी कुठे बसते आणि कशी दिसते, एवढे ही नावे चोख सांगतात. ती करते काय, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

तरीही ओळख पटवणाऱ्याचा जीव या नावांतच अडकलेला असतो. इनोसायबी या वंशातली तपकिरी भूछत्रे नुसत्या डोळ्यांना सारखीच वाटतात, आणि त्यांतल्या अनेकांत मस्करीन हे विष असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतल्या कित्येकांच्या सिस्टिडियांच्या शेंड्यावर स्फटिकांचा मुकुट दिसतो. प्लुटिअस सर्व्हिनस या भूछत्राची ओळख त्याच्या सिस्टिडियांच्या टोकाशी असलेल्या शिंगांवरून पटते. कोनोसायबीच्या पडद्यांच्या कडेवर तर निमुळत्या मानेच्या, डोक्यावर गोळी ठेवलेल्या इवल्या कुप्यांची रांगच असते.

या पेशी करतात काय, याचा सर्वांत सुंदर पुरावा पुन्हा कोप्रायनसनेच दिला. एका पडद्यातून वाढत निघालेली सिस्टिडियम समोरच्या पडद्याला टेकली, की तिथली पेशी बदलते आणि तिला घट्ट धरून ठेवते. या धरणाऱ्या पेशीला सिस्टेसियम म्हणतात. हा नुसता टेकू नव्हे. टोपी मोठी होताना दोन्ही बाजूंनी ताण बसतो आणि नागमोडी पडदे सरळ होतात, असे मँचेस्टरच्या डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्याआधी कॅनडात विनिपेगच्या बुलर यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. पडद्याच्या ज्या पट्ट्यात बीजाणू सुटायची वेळ येते, तिथली सिस्टिडिया आधी विरघळतात आणि बीजाणूंची वाट मोकळी होते.

रसुला बेला या भूछत्रात सिस्टिडियम पहारेकरी निघाली. पडद्यांवर चरायला येणारे उड्या मारणारे बारीक स्प्रिंगटेल तिच्या स्पर्शाने मरतात, असे जपानी संशोधकांना २००७ मध्ये आढळले. रसुला वंशातल्या इतर अनेक जातींच्या पडद्यांवरही अशा पेशी दाटीने उभ्या असतात.